पाचवं झाड

चिकलठाणा विमानतळाच्या दारात माझ्या वडिलांनी, दादांनी, माझा पासपोर्ट मागून घेतला, फोटो आणि माझं तोंड ताडून बघितलं आणि परत दिला. वीस वर्षं गावचे पोलीस पाटील राहिलेल्या माणसाची सवय. "तिथला कायदा पाळ," ते म्हणाले. "आपल्या घरातल्या कुणाचं नाव आजवर पंचनाम्यात आरोपी म्हणून आलं नाय." मायनं नाकाला पदर लावला होता. ती म्हणाली, "खोलीत एखादं झाड लाव संतोष. कोंडल्यावाणी व्हणार नाय."

मी दोघांचंही ऐकलं. घोटाळा त्यातूनच झाला.

हे मी गावी राहिलेल्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे गाव सोडून लांब आले त्यांच्यासाठीही. आमचं गाव वैजापूर तालुक्यात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही, उलट कुणी न विचारता सांगतो. दहावीनंतर संभाजीनगरला वसतिगृहात राहिलो, इंजिनियर झालो, पाच वर्षं वाळूजला शिफ्टच्या बसनं गेलो-आलो, आणि आता जर्मनीत गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कारखान्यात आहे. शेतातलं मला काही कळत नाही, हेसुद्धा मी तेव्हा तोऱ्यात सांगायचो. कपाशी आणि भेंडी मला सारखीच दिसते म्हणायचो. वसतिगृहातली पोरं हसायची, आणि मला शहरी झाल्यासारखं वाटायचं.

इथल्या दुसऱ्या हिवाळ्यात माझी झोप उडाली. दुपारी चारलाच अंधार पडतो, आणि तो अंधार माणसाच्या आत शिरतो. सोबत काम करणारा डीटर, साठीचा माणूस, म्हणाला, घरी झाड लाव. कसलं, ते त्यानं काडीपेटीत तीन बिया आणून दिल्या तेव्हा कळलं. गांजा. इथं आता मोठ्या माणसाला स्वतःपुरती घरात तीन झाडं लावता येतात. मी तो कायदा तीनदा वाचला. तरी ती काडीपेटी आठ दिवस लोकरी मोज्यात लपवून ठेवली.

एका शनिवारी सकाळी तंबू उभा केला. कपाटाएवढा, बाहेरून काळा, आतून चंदेरी. नळ्या एकमेकींत खोचायच्या, वरून कापड ओढायचं, छताला दिवा टांगायचा, वास बाहेर जाऊ नये म्हणून पंखा आणि कोळशाचा फिल्टर लावायचा. सोपं काम. रोज मशीन उघडून बसवणारा माणूस मी, पण एक नळी धड बसेना. झिप ओढल्याचा आवाज जिन्यात ऐकू जाईल असं वाटत होतं. तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. मी हललोच नाही. परत वाजली. उघडलं तर खालच्या मजल्यावरच्या बाई. माझं पार्सल चुकून त्यांच्याकडं गेलं होतं. खोक्यावर कुंड्यांचं चित्र. "बागकाम का?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो, पण आवाज निघाला तो "साहेब, मी काही केलं नाही" असा.

तो आवाज मी पूर्वी ऐकला होता.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गणपतीच्या सुट्टीत गावी आलो, आणि त्याच दिवशी कचरूतात्यांच्या शेतात पोलीस आले. तात्यांचा आणि आमचा बांध एक. दादा आणि ते लहानपणापासूनचे सोबती. तात्यांच्या तुरीत गांजाची झाडं निघाली. दादा पंच म्हणून उभे. उंची मोजायला साहेबांनी टेप काढला आणि एक टोक मला धरायला दिलं. लिहून झाल्यावर पंचनामा सगळ्यांसमोर वाचायचा होता. दादा सातवी शिकलेले, अडखळत वाचायचे. तेच म्हणाले, "पोरगं कॉलेजात हाय. वाचंल."

मी वाचलं. बांधावर निम्मं गाव. 'तुरीच्या पिकात उग्र वासाची हिरवी झाडे, नग पाच.' एका शब्दाला अडखळलो नाही.

तात्या मधेच म्हणाले, "साहेब, शेवटचं अंबाडी हाय. सांगा की पाटील."

"भाजी कशी करायची तेबी सांग आता," साहेब म्हणाले. लोक हसले. दादा खाली बघत राहिले. मला वाटलं, सापडलेला माणूस असंच बोलणार. मी पुढं वाचत गेलो. त्या संध्याकाळी माझ्या वाचण्याचं कौतुक झालं. तात्या हर्सूलच्या जेलात गेले. सुटल्यावर गावात आलेच नाहीत; बायको-पोरीला घेऊन वाळूजला राहिले एवढंच कानावर आलं.

रविवारी सकाळी मी घरी व्हिडिओ कॉल करतो. खोली एकच, त्यामुळं तंबू पाठीमागं येऊ नये म्हणून खुर्ची फिरवली. पण झिपेच्या फटीतून उजेड यायचाच.

"तुझं तोंड जांभळं का दिसतंय रे?" मायनं विचारलं.

"दिव्याचा उजेड. टमाटे लावलेत."

"अगंबाई! दाखव की."

"अजून लहान हायत."

पुढच्या रविवारी मी रेंज घालवली. त्याच्या पुढच्या रविवारीही. तोवर मायनं गावभर केलं होतं. चुलतभावाचा मेसेज आला, "जर्मनीचा माल वैजापूरच्या मार्केटला कधी उतरतोय, शेठ?" मी हसायचं चित्र पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. दादांना गांजा कळला तर ते ओरडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. ते बोलायचं बंद करतील. तात्यांशी केलं तसं.

झाडं कमरेएवढी झाली. एका सकाळी टेप लावून उंची मोजत होतो. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सहज बोट फिरवत नेलं आणि तिथंच थांबलो. दुसऱ्या झाडावर फिरवलं. तिसऱ्यावर फिरवलं. बारीक लव, थोडा चिकटपणा, बाकी काही नाही.

त्या दिवशी तात्यांच्या शेतात पाचव्या झाडाला टेप लावताना माझ्या बोटात काटा गेला होता. घरी मायनं सुईनं काढला. मी तिला शहाणपण शिकवलं होतं, "गांजाला लई बारीक काटे असतात." तिनं सुई पुसून रिळात खोचली होती.

गांजाला काटा नसतो. अंबाडीला असतो; पान मात्र दोघांचं सारखंच दिसतं. आमच्याकडं हे कुणालाही ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते टेप धरणाऱ्याला, ज्याला शेतातलं न कळण्याचाच अभिमान होता.

त्या रविवारी खुर्ची सरळ केली आणि कॉल लागल्यावर झिप उघडून फोन आत धरला.

"ही टमाटी नव्हं," माय म्हणाली.

दादांनी फोन हातात घेतला. बराच वेळ बघितलं. "किती?"

"तीन."

"तिथं चालतं?"

"चालतं."

"कागद वाच."

मी कायदा वाचला. जर्मनमधली एकेक ओळ मराठीत करत, अडखळत, दादा वाचायचे तसा. संपल्यावर म्हणालो, "दादा, यांना काटा नाही." तंबूतला पंखा घरघरत होता. "पाचवं अंबाडी होतं ना? तुम्हाला दिसलं होतं ना?"

फोन बंद झाला.

तीन रविवार दादा फोनवर आले नाहीत. माय एकटीच यायची, हळू आवाजात. एकदा म्हणाली, "ते मधलं नर हाय. पपईत असतं तसं. उपट, नायतर बाकी दोन्ही वाया जातील." मी उपटलं. मग न राहवून विचारलं, "काटा काढलास तेव्हा तुला कळलं होतं ना माय? मग का बोलली नाहीस?"

"तुझ्या बापानं खाली बघितलं व्हतं," ती म्हणाली. "मी वर कशी बघू?"

चौथ्या रविवारी दादांचाच फोन आला. त्यांच्या मागं कंपनीचं मोठं फाटक, उभ्या असलेल्या शिफ्टच्या बसगाड्या. वाळूज, मी लगेच ओळखलं. शेजारी वॉचमनच्या निळ्या कपड्यात एक पांढऱ्या केसांचा माणूस. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"बस की," कचरूतात्या म्हणाले. "तुझा बाप दोन घंटे झाले येऊन बसलाय. आत्ता तोंड उघडलं."

"तात्या, मी ते वाचलं..."

"लिवलेलं वाचलंस. कॉलेजात तेच शिकवत्यात." मग ते दादांकडं वळले. "चार झाडांना बी शिक्षा तेवढीच व्हती पाटील. चूक माझीच. पन तुमी 'अंबाडी हाय' एवढं म्हनला असता ना, तर सुटल्यावर मी गावात आलो असतो."

"भ्यालो," दादा म्हणाले. हा शब्द मी त्यांच्या तोंडून आयुष्यात ऐकला नव्हता.

एका बसनं हॉर्न दिला. तात्यांनी उठून फाटक उघडलं, बस जाऊ दिली, परत आले. "दाखव की रं तुझी जर्मन टमाटी."

मी फोन आत धरला. त्यांनी डोळे बारीक केले. "दिवा लई खाली घेतलास. शेंडं करपल्यात बघ. अन् ही मधली कुंडी रिकामी का?"

"नर होतं. उपटलं."

"मग अंबाडी लाव तिथं. भाजी तरी व्हईल."

हसले फक्त तात्या. दादांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली.

तात्या गावात परत येणार नाहीत. पोरगी तिथंच शिकली, तिथंच नोकरीला लागली. मीही बहुतेक परत येणार नाही. गाव आम्ही दोघांनी सोडलं. मला दारापर्यंत पोचवायला आईबाप आले होते, तात्यांसाठी एक शब्दसुद्धा कुणी बोललं नाही. आणि पंचनामा मी वाचला होता. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मला फार मोठं काही सांगता येत नाही. इथं कायद्यात बसलं की विषय संपतो, आणि ते बरं आहे, मला आवडतं. घरी तेवढ्यानं संपत नाही. तिथं कुणीतरी दहा वर्षांनीसुद्धा विचारतं, सांगा की पाटील.

पलीकडच्या गल्लीत एका तेलुगू माणसाचं किराणा दुकान आहे. त्याच्याकडं अंबाडीचं बी मिळालं. दिवा वर घेतला, मधल्या कुंडीत बी टाकलं, उगवलं. काल टेप लावला, वीतभर झालीय. बोट फिरवलं, काटे अजून यायचेत. मोजमापाच्या वहीत नोंद केली आणि खोलीत कुणी नसताना मोठ्यानं वाचून बघितली.

'उग्र वासाची झाडे, नग दोन. अंबाडी, एक.'