सभागृहातलं गाऱ्हाणं

दिंडोशीच्या संक्रमण शिबिरात पूजा कुणाचीही असो, गाऱ्हाणं गुणाजींनीच घालायचं. नारळावर हात ठेवून ते सगळ्यांची दुखणी एकेक करून देवाला सांगत, आणि माणसं मागून म्हणत, "व्हय म्हाराजा." गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी केली, दोन मुली उजवल्या, पण माणसं त्यांना ओळखत ती या गाऱ्हाण्यावरून. गाऱ्हाण्यात गुणाजी खोटं बोलत नाहीत, असा लोकांचा भरवसा होता.

जुनी चाळ पाडून बिल्डरने सगळ्यांना या पत्र्याच्या खोल्यांत आणून टाकलं, तेव्हा गुणाजींचे केस काळे होते. चाळीच्या जागी अजून नुसता खड्डा आहे. त्यांची बायको मालन दर दिवाळीला म्हणायची, "पुढची दिवाळी आपल्या घरात." हल्ली तिने ते बोलणं सोडलं होतं.

निवडणुकीत उमेदवार विद्याधर शिबिरात आला, पूजेला बसला आणि गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर "व्हय म्हाराजा" म्हणाला. गुणाजींना तेवढं पुरलं. ते स्वतः त्याच्यासाठी दारोदार फिरले. आमदार झाल्यावर त्याने शब्द दिला, "काका, विधानसभेत लक्षवेधी सूचना लावतो. मंत्र्यांना एकच विचारतो, या बिल्डरचा करार कधी रद्द करणार? तुम्ही स्वतः ऐकायला या."

विद्याधरचा माणूस विकी त्यांना पास काढून विधानभवनात घेऊन गेला. गॅलरीत बोलायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, असं शिपायाने बजावलं. गुणाजी हात मांडीवर ठेवून बसले.

विद्याधर उठला आणि कागद वाचू लागला. गळके पत्रे, तुंबलेली गटारं, घराची वाट बघत गेलेली म्हातारी माणसं. एकामागून एक दुखणं, अगदी गाऱ्हाण्याच्याच चालीत. गुणाजींच्या तोंडून कधी निघून गेलं, त्यांनाही कळलं नाही, "व्हय म्हाराजा."

शिपायाने खांद्यावर हात ठेवला. "बाबा, गप बसा."

मंत्री उठले. बिल्डरला आणखी मुदत दिली आहे, म्हणाले. आता विद्याधर तो प्रश्न विचारणार, म्हणून गुणाजी पुढे वाकले.

"अध्यक्ष महोदय, माझं समाधान झालं आहे. मी मंत्री महोदयांचा आभारी आहे," विद्याधर म्हणाला आणि खाली बसला. पुढचा विषय सुरू झाला.

खाली जिन्यापाशी तो हसत आला. "काय काका, खूश ना?"

"ता इचारलात नाय तुमी."

"अहो, सगळंच आत बोलायचं नसतं. काही कामं बाहेर होतात. तुम्ही फक्त लोकांना सांगा, साहेबांनी विषय लावून धरला. तुमचं ऐकतात सगळे."

पास आपल्याला कशासाठी मिळाला होता, ते गुणाजींना तेव्हा कळलं.

ते शिबिरात पोचले तेव्हा विकीने पाठवलेली भाषणाची क्लिप त्यांच्या आधी पोचली होती. शेजारची कुंदा मोबाइल सगळ्यांना दाखवत होती. त्यात गळके पत्रे होते, गटारं होती. मंत्र्यांचं उत्तर नव्हतं, समाधान तर नव्हतंच. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या, आभाराचा फलक बांधून झाला होता.

"काका, गाऱ्हाणं घाला. साहेबांच्या नावाने," कुंदा म्हणाली.

गुणाजी उभे राहिले. "तेणी वाचल्यानी," ते म्हणाले. "इचारूक नाय. बिल्डरची मुदत वाढली. आणि साहेब म्हणाले, समाधान झाला."

फलकापाशी उभा असलेला विकी हसला. "काका वर लांब बसले होते ना. वयाप्रमाणे ऐकू कमीच येणार."

"माझ्या कानांनी आयकलंय मी."

"अहो, क्लिप आहे ना इथे," कुंदा म्हणाली. "आम्ही सगळ्यांनी बघितली. तुम्ही नका हो असं बोलू आजच्या दिवशी."

दोघं-तिघं हसली. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर देवापुढे उभे राहिले, त्यांतलं एकही माणूस त्यांच्या बाजूने उठलं नाही. नारळ दुसऱ्याच कुणीतरी हातात घेतला.

गुणाजी खोलीत आले. मालन दारातून सगळं ऐकत होती. बाहेर "व्हय म्हाराजा" सुरू झालं, तशी तिने कडी लावली.

"मुदत कोणाक वाढवून दिल्यानी?" तिने विचारलं. "बिल्डराक, काय माका? माजी तर संपत इली."

"तेकाच," गुणाजी म्हणाले.