एसटीमागची धूळ

बायको धुरपदाबाई गेल्यापासून आप्पारावांच्या घरात बोलायला फक्त कुत्रं उरलं होतं, आणि तेही तुटकच बोलायचं. म्हणून दर बाजाराला आप्पाराव फटफटी घेऊन पालमच्या बन्सीधर मिस्त्रीकडे जात. मिस्त्री धुळीने भरलेला एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन सुकत ठेवी. तो सुकेपर्यंत गप्पा चालत.

मग गावचा रस्ता डांबरी झाला.

"आप्पा, फिल्टरात धूळच न्हाई! काय धुवू? जावा घरी," मिस्त्री म्हणाला.

आप्पाराव परतले.

पुढच्या बाजाराला ते लांबच्या कच्च्या वाटेने, एसटीच्या मागे चिकटून, भुवयांपर्यंत माखून आले. मिस्त्रीने फिल्टर काढला, मग त्यांचं तोंड पाहिलं.

"आज सुकायला लय येळ लागंल, आप्पा."

"लागू दे की," म्हणत आप्पाराव बाकड्यावर टेकले.