वीस सेकंद मॅडमचा डावा हात

नर्सिंग कॉलेजातल्या मुली त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ‘वीस सेकंद’. मुलींना हात धुवायला बेसिनपाशी उभं केलं की मॅडम छातीवर पिनेने अडकवलेलं घड्याळ हातात धरत आणि वीस सेकंद भरेपर्यंत कुणाला नळ बंद करू देत नसत. एखादीने बारा-तेरा सेकंदांत आटोपतं घेतलं तर “एवढी कसली घाई? गाडी सुटतेय का तुझी?” असं विचारून तिला पुन्हा साबण लावायला लावत. अंगठा राहिला, बोटांच्या बेचक्या राहिल्या, नखं राहिली, त्यांच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नसे. घरी नवऱ्याचीही सुटका नव्हती. तो बिचारा बाहेरून आला की हातातली पिशवी दारातच ठेवून निमूटपणे बेसिनकडे वळे.

सव्वीस वर्षं त्या हेच शिकवत होत्या. त्यातही सुईचा धडा हा त्यांचा हुकमी. पहिल्या वर्षाच्या मुली वॉर्डात जाण्याआधी टेबलावर एक सिरिंज, तिचं टोपण आणि वापरलेल्या सुया टाकायचा जाड पांढरा डबा मांडून त्या मुलींकडून घोकून घेत.

“वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं?”

“नाही!”

“कितीही घाई असली तरी?”

“नाही!”

“मोठे डॉक्टर म्हणाले तरी?”

“नाही!”

“मी म्हणाले तरी?”

इथे मुली हमखास अडखळत, एकमेकींकडे बघत, आणि मग मॅडमच टेबलावर हात आपटून “नाही!” म्हणत. दरवर्षी हशा पिकायचा. धडा कसा डोक्यात बसला पाहिजे, असं त्यांना वाटायचं, आणि तो बसायचाही.

त्या वर्षीच्या मुलींमध्ये एक बारीक चणीची, मोठ्या डोळ्यांची मुलगी होती. तिला बाकीच्या मुली ‘झेरॉक्स’ म्हणत. मॅडम जशा चालत तशी ती चाले. रुग्णाशी बोलताना मॅडम मान जराशी डावीकडे कलवत, तर हिचीही मान डावीकडे. चादरीचे कोपरे दुमडणं, थर्मामीटर झटकणं, “झालं हं” म्हणणं, सगळं हुबेहूब. मुली तिची टिंगल करत, पण मॅडमना मनातून बरं वाटे. इतक्या वर्षांत एवढं मन लावून आपल्याकडे बघणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि हे त्यांनी नवऱ्याजवळ बोलूनही दाखवलं होतं.

झेरॉक्सच्या गटाला पहिलं पोस्टिंग मिळालं ते चाळीस कॉटच्या वॉर्डात. तिथला सुयांचा पांढरा डबा दारापाशी भिंतीला ठोकलेला होता. ट्रेबरोबर फिरवायचा छोटा डबा मोडला होता आणि नव्या डब्याची मागणी पाच महिने कुठल्यातरी टेबलावर पडून होती. म्हणजे आठ नंबरच्या कॉटवर इंजेक्शन दिलं की उघडी सुई हातात धरून, नातेवाइकांच्या गर्दीतून वाट काढत दारापर्यंत जायचं. वॉर्डातल्या सिस्टर गुपचूप टोपण लावून मोकळ्या होत. मॅडमनी त्यांना दोनदा चांगलंच फैलावर घेतलं होतं. कॉलेजच्या दारात एक फळा होता, ‘सुई टोचल्याची एकही घटना नाही’ असं लिहिलेला, आणि पुढे दिवसांचा आकडा. रोज सकाळी तो आकडा मॅडम स्वतःच्या हाताने एकने वाढवत. त्या वेळी तो चारशेच्या वर गेला होता.

पोस्टिंगच्या तिसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, मॅडम कापूस आणायला सामानाच्या खोलीत गेल्या, तर झेरॉक्स एका खोक्यावर बसलेली. डाव्या हाताची तर्जनी उजव्या मुठीत घट्ट धरलेली. त्यांना बघून ती ताडकन उठली.

“काय झालं ग? बोट दाखव.”

“काही नाही मॅडम.”

“दाखव म्हटलं ना.”

बोटावर काहीच दिसत नव्हतं. धुऊन धुऊन कातडी तेवढी पांढरी पडली होती. सव्वीस वर्षांत त्यांनी असं बोट धरून बसलेल्या मुली पाहिल्या होत्या.

“कधी टोचलं?”

“मागच्या मंगळवारी. आठ नंबरच्या आजोबांना इंजेक्शन दिलं ना, तेव्हा.”

मॅडमनी बोटांवर मोजलं आणि पुन्हा मोजलं. नऊ दिवस झाले होते. एचआयव्हीची लागण टाळायचं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू करावं लागतं, हे त्यांनीच त्या मुलींना पाठ करायला लावलं होतं.

“नऊ दिवस गप्प बसलीस? अगं, जीव नकोसा झाला का तुला? माझ्याकडे यायला काय झालं होतं?”

“पोस्टिंग थांबवतात ना मॅडम. सगळे दिवस पुन्हा करावे लागतात, परीक्षेला बसता येत नाही. आणि तो फळा. सगळ्या म्हणाल्या, तुझ्यामुळे शून्यावर येईल, मॅडमना किती वाईट वाटेल.” ती मुसमुसत होती. “आणि तुम्ही विचाराल, टोपण लावलंस कशाला.”

“विचारणारच! घसा कोरडा करून सांगितलं होतं ना? लावलंस कशाला?”

झेरॉक्सने मान वर केली. उलट उत्तर द्यावं असं तिच्या मनातही नव्हतं. ती खरोखरच गोंधळलेली होती.

“पण तुम्ही लावता ना मॅडम.”

“मी?”

“आठ नंबरला दाखवलंत तेव्हा लावलंत. चौदा नंबरलाही. डाव्या हातात टोपण धरून, मग अंगठ्याने दाबून. मला वाटलं, ते वर्गातलं परीक्षेपुरतं असेल आणि वॉर्डात असं करायचं असेल.”

मॅडमना संताप आला. “काहीतरी बरळू नकोस,” असं म्हणून त्यांनी तिचं मनगट धरलं आणि तिला जवळजवळ फरफटतच संसर्ग विभागाच्या डॉक्टरांकडे नेलं. जिन्यावरून उतरताना ही पोर घाबरून आपल्यावर खापर फोडतेय, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. गोळ्या सुरू करायची वेळ निघून गेली होती. ‘बी’ प्रकारच्या काविळीच्या लशीचा तिसरा डोस राहिला होता, तो तिथल्या तिथे दिला. ‘सी’ प्रकारच्या काविळीवर आधी देण्यासारखं काही नसतंच. आता फक्त रक्त तपासत राहायचं, म्हणाले, आज, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी.

“आजोबांचं रक्त तपासलं तर आत्ताच उलगडा होईल,” डॉक्टर म्हणाले.

पण आठ नंबरची कॉट केव्हाच दुसऱ्याला दिलेली होती. पोट फुगलेल्या, डोळे पिवळे झालेल्या त्या आजोबांना घरचे लोक स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन गेले होते. कागदावरचा फोन लागेना. संध्याकाळी मॅडम पत्ता शोधत तीन जिने चढून गेल्या. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, मुलगा घेऊन गेला त्यांना आपल्याकडे, कुठे ते नाही बाई माहीत. मॅडम त्या कुलपासमोर उगीचच पाच मिनिटं उभ्या राहिल्या आणि मग खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा नंबरच्या बाईंना इंजेक्शन द्यायचं होतं. “मी देते,” मॅडम म्हणाल्या. स्वतःलाच दाखवून द्यायचं होतं त्यांना. सुई बाहेर काढली, कापूस दाबला, बाईंना “झालं हं” म्हणाल्या आणि खाली बघितलं तर सुईला टोपण लागलेलं होतं. कधी लावलं, हे त्यांना आठवेना. त्यांना दरदरून घाम फुटला. “सिस्टर, तुम्हालाच काही होतंय का?” असं कॉटवरच्या बाई विचारू लागल्या.

मॅडम शिकत होत्या तेव्हा एकदाच वापरून फेकायच्या सुया नव्याने आल्या होत्या. एके दिवशी कचरा उचलणाऱ्या बाईच्या तळहातात उघडी सुई घुसली. मेट्रनने सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं आणि बजावलं, टोपण लावल्याशिवाय एकही सुई टाकलीत तर माझ्याशी गाठ आहे. विसरलं की बोटांवर पट्टी बसायची. पुढे काही वर्षांनी नियमच उलटा झाला, कारण टोपण लावतानाच कितीतरी जणींना टोचत होतं. मॅडमनी नवा नियम पाठ केला, शिकवला, त्यावर प्रश्नपत्रिका काढल्या. हाताला मात्र कुणी कळवलंच नव्हतं.

त्या रात्री जेवताना त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं.

“इतक्या वर्षांची सवय,” तो समजूत काढत म्हणाला. “आणि तुझ्या हाताकडे कोण एवढं बघत बसलंय?”

“ती बघत होती ना,” मॅडम म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या.

घटनेच्या फॉर्मवर ‘कारण’ असा एक रकाना असतो. मॅडमनी त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘शिक्षिकेने वॉर्डात चुकीची पद्धत दाखवली. विद्यार्थिनीने तिचे अनुकरण केले.’ खाली सही केली आणि फॉर्म प्राचार्यांपुढे ठेवला. एवढं तरी आपल्या हातात आहे, असं त्यांना वाटत होतं.

प्राचार्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढला.

“मॅडम, हे असं गेलं तर तपासणीवाले थेट कॉलेजच्या मान्यतेवर बोट ठेवतील. साठ मुली आहेत आपल्याकडे. त्यांनी कुठे जायचं?”

“पण खरं तेच आहे.”

“मला कळतंय हो. पण फॉर्म भरून झालाय.” त्यांनी खणातून दुसरा कागद काढला. त्यात त्याच रकान्यात टाइप केलेलं होतं, ‘विद्यार्थिनीचे दुर्लक्ष.’ खाली झेरॉक्सची सही होती, वळणदार, मॅडमच्या सहीसारखीच शेवटी रेघ ओढलेली. “सकाळीच येऊन करून गेली. मी विचारलं तिला, काही हरकत आहे का. नाही म्हणाली.”

मॅडमनी तिला कॉलेजच्या व्हरांड्यात गाठलं. “सही कशाला केलीस? मी सगळं माझ्या अंगावर घेत होते ना?”

“चौकशी लागली असती तर पोस्टिंग बंद झालं असतं मॅडम. सही केली म्हणून लगेच वॉर्डात जाऊ दिलं.” मग ती हळूच म्हणाली, “आणि वर्गात तर तुम्ही बरोबरच सांगितलं होतं.”

“माझं चुकलं ग. मला माफ कर.”

“असं नका ना म्हणू मॅडम,” ती कानकोंडी झाली. इतक्या मोठ्या बाई आपली माफी मागतात हेच तिला सोसवत नव्हतं. वही छातीशी धरून ती घाईघाईने निघून गेली.

मॅडमनी राजीनामा लिहिला, पण निवृत्तीला सातच महिने उरलेत म्हणून तो कुणी घेतला नाही. वर्गात त्यांनी सुईचा धडा पुन्हा घेतला आणि या वेळी स्वतःची चूक मुलींना सांगितली. मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. वॉर्डात इंजेक्शन देताना आता त्या डावा हात पाठीमागे ठेवत. छोटा डबा आला नाही तो नाहीच. झेरॉक्स सगळी कामं नीट करायची, विचारलं की उत्तर द्यायची, पण मॅडमकडे बघेनाशी झाली. हातावर दोन-दोन मोजे चढवून ती कॉटच्या पलीकडच्या बाजूला उभी राही.

सहा आठवड्यांनी रक्ताचा अहवाल घ्यायला मॅडम स्वतः तिच्याबरोबर गेल्या. लॅबच्या बाहेर तिची मोठी बहीण बाकावर बसली होती, मांडीवर पाच महिन्यांची मुलगी. बहिणीला घरी फक्त नेहमीची तपासणी म्हणून सांगितलेलं होतं.

“बरं झालं भेटलात मॅडम,” बहीण म्हणाली. “तुम्हीच जरा समजवा हिला. आधी बाळाला खाली ठेवायला तयार नसायची, आता हात लावत नाही. पेला वेगळा, टॉवेल वेगळा. हॉस्पिटलातले जंतू असतात म्हणते. एवढं कडक शिकवता का हो तुम्ही?”

तेवढ्यात खिडकीतून अहवाल आला. मॅडमनी तो आधी स्वतः वाचला. काही निघालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. झेरॉक्सने कागद हातात घेतला, तारीख बघितली, घडी घातली.

“अजून दोनदा आहे ना मॅडम,” ती म्हणाली.

बहिणीला खिडकीवर सही करायला बोलावलं. “धर ग हिला जरा,” म्हणत तिने बाळ पुढे केलं. झेरॉक्स एक पाऊल मागे सरकली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. बाळ तसंच अधांतरी राहिलं. मॅडमनी झटकन पुढे होऊन त्याला घेतलं.

बहीण खिडकीकडे वळल्यावर त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “घे तिला. अगं, असं घेतल्याने काही होत नाही. नुसत्या स्पर्शाने हे पसरतच नाही. शपथेवर सांगते.”

“माहीत आहे मॅडम,” झेरॉक्स म्हणाली. “तुम्हीच शिकवलंय.”

तिच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा. पण हात काही तिने पुढे आणले नाहीत. बाळ मावशीकडे झेपावत होतं, तिच्या ओढणीला धरायला बघत होतं, आणि मॅडम त्याला सावरत तशाच उभ्या होत्या.