किल्ली नसलेली आत्या

माझ्या आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. घरातलं कुठलंही गुपित तिला कळलं की संध्याकाळपर्यंत ते गल्लीला कळायचं. सख्ख्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका छापून येईपर्यंत तिला कुणी पत्ता लागू दिला नाही. आणि अशा बाईनं काम काय धरावं? तर संगणकांचे निरोप गुप्त कसे राखायचे, याचं संशोधन!

ते दिवस असे की संगणक म्हणजे खोलीभर कपाटं, आणि एका इमारतीतला संगणक दुसऱ्या इमारतीतल्याशी तारेवरून बोलतो याचंच अप्रूप. पण त्या तारेला वाटेत कुणी कान लावला तर? म्हणून निरोप आकड्यांच्या कुलपात घालून धाडायचा. ज्या आकड्यानं तो उघडतो, ती त्याची किल्ली. कुलूप आत्याच्या वरच्या साहेबांनी झकास बनवलं होतं. घोडं अडलं होतं किल्लीपाशी. ती दोन्हीकडे एकच हवी, आणि तिसऱ्या कुणाला कळता कामा नये.

साहेबांच्या मते विश्वासू माणूस ठेवला की झालं. तसे एक होते त्यांच्याकडे. त्यांना सगळे मुनी म्हणत. मुनी बटणांच्या फळीवर किल्ली लावत, अंगण ओलांडून दुसऱ्या इमारतीत जाऊन तीच लावत, आणि चहा हवा का या प्रश्नालाही मानेनंच उत्तर देत.

आत्याचं म्हणणं उलटं. "माणसाला कळलं ना, की फुटलंच. माझंच बघा!" मधे तिसरं यंत्र बसवावं. दोन संगणकांना बोलायचं असलं की त्यानं ताजी किल्ली घडवावी, दोघांकडे ती कुलपात घालूनच पाठवावी, आणि बोलणं संपलं की पुसून टाकावी. माणसानं ती बघूच नये. तसं एक यंत्र तिनं जुळवूनही ठेवलं होतं.

"स्वतःच्या स्वभावावर औषध शोधताय," साहेब म्हणायचे. संगणकाच्या खोलीची पितळी किल्ली सगळ्यांना दिली होती, आत्याला नाही. रोज सकाळी ती दार ठोठावायची आणि मुनी उघडायचे. ती हसत आत शिरायची, पण ते तिला लागायचं. फार लागायचं.

शेवटी साहेबांनी सांगून टाकलं, की कामाची पाहणी करायला समिती येतेय, तिला प्रयोग दाखवून झाला की तुमची बदली पगारपत्रकं छापणाऱ्या विभागात. गुप्ततेच्या कामात असं माणूस नको. आत्या घरी येऊन रडली, आणि का रडते आहे ते अर्थातच शेजारपाजाऱ्यांनाही सांगितलं.

समिती आली. साहेबांनी ऐटीत निरोप धाडला. पलीकडच्या इमारतीतून फोन आला, "कागदावर नुसता अक्षरांचा पाचोळा उमटतोय!"

साहेबांनी मुनींना खोदून विचारलं, तेव्हा कळलं. झालं होतं असं. आज परके लोक येणार म्हणून मुनींनी सकाळी मुद्दाम नवी किल्ली लावली होती. पलीकडे लावायला गेले, तर समितीतले दोघं तिथे आधीच येऊन बसलेले. परक्यांदेखत किल्ली लावायची नाही, हा नियम. मुनी परत आले, आणि याबद्दल कुणाला एक अक्षर बोलले नाहीत.

"अहो, मग ती किल्ली आता तरी फोनवर सांगा!" साहेब ओरडले.

मुनींनी समितीकडे बघितलं. "परक्यांसमोर नाही. तुमचाच नियम आहे."

साहेबांनी कपाळाला हात लावला. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "दुसरं काही आहे का दाखवायला?"

कुणी बोलेना. आत्याला असली शांतता कधी सोसली आहे? "आहे! माझं आहे!" म्हणून ती पुढे झाली, आणि तार कुठून जाते, कुठलं यंत्र काय करतं, कुलूप कसं बनतं, सगळं भडाभडा सांगत सुटली. साहेबांना घाम फुटला. तिनं निरोप धाडला. पलीकडून उत्तर आलं, स्वच्छ, सुवाच्य: 'मिळाला. चहा कधी?'

अध्यक्षबाई हसल्या. "सगळं तर सांगून टाकलंत. आता ती किल्लीही सांगा."

"अहो, मला माहीत असती तर इतका वेळ पोटात राहिली असती का?"

सगळे हसले, सर्वांत शेवटी साहेब. बाई मात्र गंभीर झाल्या. "म्हणजे सगळं ऐकूनही मला या तारेवरचा निरोप फोडता येणार नाही. याच रीतीवर पुढचं काम करा. आणि ते यांनीच करायचं."

समिती गेल्यावर साहेब खाकरले. "पगारपत्रकांचं राहू द्या. तुमच्यासाठी दाराची किल्ली करायला टाकतो."

मुनींनी खिशातून आपली पितळी किल्ली काढली आणि आत्याच्या हातावर ठेवली. "ही घ्या. उद्यापासून मी ठोठावीन."

त्या वेळी आत्याला शब्द फुटला नाही. हे तिनंच मला सांगितलंय, हजारदा तरी, आणि दर वेळी काका शेजारी बसून नुसती मान हलवतात. हो, मुनी म्हणजे आत्याचे यजमान, माझे काकाच.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली. आपल्या किल्लीनं दार उघडून आत गेली, ते पुन्हा लावून घेतलं, आणि ठोठावण्याची वाट बघत बसली.