टिटवीसाठी मागे घेतलेली तक्रार

आमचं नेरूळचं घर माझ्या नावावर आहे, आणि अगदी वरच्या मजल्यावर असल्यामुळे दर पावसाळ्यात गळतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा म्हणून आमच्या ह्यांनी सोसायटीकडे पाच वर्षं अर्ज केले. यंदा मे महिन्यात एकदाचं काम मंजूर झालं, गच्चीवर खडी येऊन पडली, आणि दोनच दिवसांत त्या खडीत टिटवीनं चार अंडी घातली.

हे पक्षीवेडे. दर रविवारी खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातात आणि परत आल्यावर चहा गार होईपर्यंत त्यांचंच पुराण लावतात. टिटवीकडे आजवर ढुंकूनही बघितलं नव्हतं. आता मात्र दिवसातून तीनदा गच्चीवर जाऊन तिच्या शिव्या खाऊन यायला लागले.

अंडी फुटेपर्यंत महिनाभर थांबा, असं सांगायला आम्ही दोघं मीटिंगला गेलो. सेक्रेटरीनं सरळ विचारलं, "काका, पक्षी रेअर आहे का? तसं असेल तर थांबू, नो टेन्शन."

नुसतं हो म्हणायचं होतं. पण पक्ष्यांच्या बाबतीत या माणसाला खोटं बोलता येत नाही. "नाही हो," हे म्हणाले, "आपल्या खाडीवर येतो तो छोटा फ्लेमिंगो धोक्याच्या जवळ पोचलाय. टिटव्या भरपूर आहेत. धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत त्यांची काळजी कोणी करत नाही."

"मग सोमवारपासून काम चालू," सेक्रेटरी म्हणाला. घरी आल्यावर मी ह्यांना वाट्टेल ते बोलले.

त्या रविवारी हे खाडीवर गेलेच नाहीत. सकाळी टेबलाशी बसून एक अर्ज लिहिला आणि माझ्यापुढे सरकवला. गळतीची आमची तक्रार मागे घेत आहोत, काम पावसाळ्यानंतर करावं. खाली घरमालकाच्या सहीची जागा कोरी होती.

"बेडरूम गळणार," मी म्हटलं.

"हो."

"मागच्या वर्षी माझं कपाट कुजलं."

"माहितीये." मग पेन पुढे करत म्हणाले, "फ्लेमिंगोंसाठी सह्या करणारे खूप आहेत गं."

मला या माणसाची इतकी माया आली की भांडायचं राहूनच गेलं. सही केली, आणि पावसाळ्यात पलंग हॉलमध्ये कुठं बसेल ते बघायला उठले.