घरटी एक हात

हौसाताई घरत सकाळी शाळेच्या पडवीत खिचडीला फोडणी देतात तेव्हा त्यांचं एक लक्ष पातेल्यावर आणि दुसरं रस्त्यावर असतं. कोणाचं पोर अजून आलं नाही, कोणतं पोर वडखळच्या इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये चढलं, सगळं त्यांना मोजायचं असतं. मी रोह्याजवळ अष्टमी गावात राहते. रोह्याहून पेण, पेणहून वडखळ, पुढे मिळेल ती रिक्षा, असं करत या खाडीकाठच्या गावात पोचते तेव्हा माझा जीव अर्धा झालेला असतो. आणि या बाई फाटकातच गाठतात. "बाई, आज सतराच आली. काय करायचा?"

काय करायचं ते मला कुठे माहीत होतं! पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं आणि शिकवायला मी एकटी. पहिलीला बाराखडी द्यावी तर चौथी खिडकीतून बाहेर. लोक कंटाळून मुलं व्हॅनमध्ये बसवत होते. पट आणखी घसरला तर शाळा वडखळच्या सरकारी शाळेत मिळवू, असं पत्र दिवाळीनंतर आलं होतं. ज्यांच्या घरी मोटरसायकल आहे त्यांचं काही अडणार नव्हतं. पण मिठागरावर राबणाऱ्यांची पोरं हायवेवरून चालत वडखळला जाणार होती थोडीच? ती घरीच बसली असती.

उपाय हौसाताईंनीच काढला. खाडीचा बांध फुटला की इथे 'खांड गेली' म्हणतात. मग हाक फिरते आणि घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर जातो. कारण विचारायचं नसतं. "शालेला बी खांडच गेलीय," ताई म्हणाल्या. "घरटी म्हयन्याला थोडा थोडा काढू नि दुसरी बाई ठेवू. आपल्या गावची मनस्वी डीएड करून बसलीय घरात." सरपंच प्रविण बरा माणूस. तो म्हणाला, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवू, हात वर होतील तसं.

झालं, ताईंच्या पायाला भिंगरी लागली. दहा दिवस खिचडी उतरवली की पदर खोचून निघायच्या. बांधाच्या कामाला जी घरं मोजतात, ती त्यांना तोंडपाठ. त्याच क्रमाने एकेका दारात उभ्या राहायच्या. कोणी गोड बोललं, कोणी कुत्रं सोडलं. एक दिवस मीही गेले सोबत. शेवटचं घर झालं, पलीकडे मिठागरवाल्यांची चाळ दिसत होती, आणि ताई मागे वळल्या.

"तिकडे नाही जायचं?" मी विचारलं.

"त्यांच्याकडं मागत नाय, बाई. जमीन नाय त्यांना. बांधाला बी त्यांना हाक नसते."

मला ते पटलं. गरिबाला कशाला त्रास, असंच वाटलं. शिकलेल्या बाईची अक्कल ही एवढी.

सव्वीसला झेंडावंदन आटोपून समाजमंदिरात सभा बसली. पहिल्या पाच मिनिटांत पोपट पाटील उठला. त्याचे दोन्ही नातू व्हॅनने जातात. "एक सांगा," तो म्हणाला, "पैसं आमचं, नि शिकनार मिठागरची पोरं. त्यांचा एक तरी मानूस हाय का हितं? त्यांनाच शाला नको, तर आमी कशाला मरायचा?"

कोणी हसलं, कोणी माना डोलावल्या. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला होता. दुसऱ्या क्षणी त्या चपला न घालताच दाराबाहेर होत्या. मला असा संताप आला म्हणता! ऐन वेळी मला एकटीला टाकून चालल्या. मी या गावची मतदारही नाही, बोलणार काय?

प्रविणने थोडा वेळ काढला, पण लोकांना जेवायची घाई. हात मोजले. बाजूने सव्वीस, विरोधात चौतीस. ग्रामसेवक लिहायला लागले. माझ्या डोळ्यांसमोर शाळेचं कुलूप आलं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. ताई पुढे, मागे एकवीस माणसं, सरळ कामावरून आलेली, पोटऱ्यांपर्यंत मीठ वाळलेली. सगळ्यांत पुढे सखा, ताईंचा सख्खा थोरला भाऊ. ताईंचं माहेर त्या चाळीतलं, हे सात वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

"मोजनी जाली," पोपट म्हणाला.

मग मात्र मला राहवलं नाही. मी ताडकन उठले. "ठरावावर सही झाली का?" ग्रामसेवकांनी मान हलवली, नाही. "यांची नावं मतदारयादीत आहेत का?" आहेत. "मग मोजा पुन्हा!" माझा आवाज चिरकला. प्रविण म्हणाला, "मोजा."

सखा बोलला ते शांतपणे. "घरटी जा काय ठरंल ता आमी देऊ. आमाला आजपत्तर कोनी इचारलाच नाय." आणि त्याने हात वर केला. त्याच्यामागे एकेक करत सगळ्यांचे. सत्तेचाळीस. विरोधातले चौतीसचे चौतीस राहिले, पण ठराव झाला. मनस्वी मागे बसून रडत होती आणि मी निर्लज्जासारखी टाळ्या वाजवत होते.

ताई दिसेनात. बाहेर आले तर सखा त्यांना अडवून उभा होता.

"धा दिस गावभर फिरलीस गो, हौसे. पोपटाच्या दारात तीनदा गेलीस. माज्या दारात का नाय आलीस?"

"कशी येऊ, दादा?" ताई म्हणाल्या. "तुज्याकडं हाय काय? मला वाटला, तुला 'नाय' बोलावा लागंल, नि तुला लाज वाटंल."

सखा रागावला नव्हता.

"माजा 'नाय' तूच बोलून टाकलास," तो म्हणाला. "मंग मी 'व्हय' कवा बोलायचा, गो?"