मामाच्या कोनाड्यातली उपकारस्तुती

आमच्या खाणींच्या डोंगरावर भित्र्या माणसांना तोटा नाही, पण प्रुदेन्सियो कोल्केइतका मन लावून भिणारा दुसरा सापडायचा नाही. खाणीत सगळेच भितात. बाकीचे ती भीती दारूत बुडवतात, नाहीतर शिवीत गुंडाळतात. प्रुदेन्सियोला दोन्ही जमत नाही. बापाला खाणीने खाल्लं, थोरल्या भावाला खाणीच्या धुळीने. हा सोळाव्या वर्षी आत शिरला, आणि तेव्हापासून रोज सकाळी माझ्या दारात थांबून हेल्मेटचा पट्टा सोडतो आणि पुन्हा बांधतो. एकवीस वर्षं झाली.

माझं दार म्हणजे खाणीच्या तोंडालगतची दगडी खोली. हत्यारं सांभाळायची, कुत्री पाळायची, कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं ते बघायचं. कोणाच्या तोंडाला कसला वास येतो, हे लक्षात ठेवायचं काम मला कोणी दिलेलं नाही, ते मी आवडीने करते. चघळायची कोकाची पानं आणि सिगारेटी विकते, त्यामुळे माझ्यापासून फारसं काही लपत नाही.

आत, दुसऱ्या वळणावर, एका कोनाड्यात मामा बसलेला आहे, म्हणजे खाणीचा सैतान. मातीचा, शिंगांचा, तोंड उघडं. वर देवाचं राज्य आणि आत मामाचं, अशी आमच्या लोकांनी वाटणी करून टाकली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्या मांडीवर पानं टाकायची, तोंडात पेटती सिगारेट द्यायची, की तो छत धरून ठेवतो. बाईने आत जायचं नसतं, म्हणून मी काही त्याला पाहिलेलं नाही. पण त्याच्यासाठी कोण काय नेतं ते मला पाठ आहे.

गेल्या वर्षी प्रुदेन्सियोच्या बायकोने, ऑर्तेन्सियाने, त्याला धरून प्रार्थनासभेत नेलं. पत्र्याच्या छपराखाली भरते ती सभा. तिथले पाळक आब्दोन आठवडाभर पाव भाजतात आणि रविवारी उपदेश करतात. प्रुदेन्सियोने दारू सोडली, पानं सोडली, मामाकडे जाणं सोडलं.

"वहिनी, प्रभूने माझ्यासाठी जीव दिला," तो मला म्हणाला. "आता मी मामाचं काही लागत नाही." म्हणताना त्याने पट्टा पुन्हा एकदा सोडून बांधला.

त्याच्या टोळीचा मुकादम हिलारियो मागे उभा होता. तो म्हणाला, "तुझा देव तुला बघेल रे बाबा. पण मामा चिडला तर छत आमच्याही डोक्यावर आहे."

जुलैतल्या, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका मंगळवारी सकाळी तो असाच पट्टा बांधत उभा होता. हवा अशी की कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी दगड झालेलं. मला कंटाळा आला होता आणि तोंड खाजत होतं.

"काल मामा माझ्या स्वप्नात आला होता," मी म्हटलं. "विचारत होता, आमचा कोल्के भाचा कुठे असतो हल्ली? वर्ष झालं, एक झुरका नाही दिला."

तो पांढरा पडला. मी हसले. तो हसला नाही. खाली बघत म्हणाला, "एक सिगारेट द्या. हिलारियोने मागितली आहे."

हिलारियो सिगारेट ओढत नाही. मला माहीत होतं, तरी मी दिली, आणि तो आत दिसेनासा होईपर्यंत हसत होते.

दहाच्या सुमारास पायाखालची जमीन एकदा हलली. मग खाणीच्या तोंडातून धूळ आली. धुळीमागून माणसं आली, खोकत, एकमेकांना चाचपत. हिलारियोने डोकी मोजली आणि पुन्हा मोजली.

"कोल्के मागे राहिला होता," तो म्हणाला. "येतो म्हणाला. कशाला राहिला कोण जाणे."

मला माहीत होतं कशाला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे बातमी होती आणि तोंड उघडवत नव्हतं.

ऑर्तेन्सिया धावत वर आली ती पीठ लागलेल्या हातांनीच. ती माझ्या शेजारी बसली. रडली नाही, नुसती खाणीच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं. माणसं दगड उपसायला आत गेली. हवेचा लोखंडी नळ माझ्या खोलीवरून आत जातो. अडकलेला माणूस जिवंत असला तर त्यावर ठोकतो. मी नळाला कान लावला. नळ इतका गार की कान चिकटला. काही नाही. बारा वाजले, दोन वाजले, काही नाही. मी मनात म्हणत होते, देवा, मी तुझ्या सभेत येत नाही, तुला माझी ओळखही नसेल, पण हा माणूस माझ्या थट्टेने मेला असं होऊ देऊ नकोस.

तीनच्या पुढे टक् झालं. मग टक् टक्, थांबून टक्.

मी ऑर्तेन्सियाला ओढून नळाशी नेलं. तिने ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. "हे आमच्या सभेतलं गीत आहे," ती म्हणाली. "पहिलीच ओळ. परत परत पहिलीच ओळ वाजवतोय."

"पुढची का नाही वाजवत?"

"त्याला कधी पाठच झाली नाही."

सहाच्या आधी त्याला बाहेर काढलं. अंगावर एक ओरखडा नाही. सगळा बोगदा बसला होता, मामाचा कोनाडा तेवढा जसाच्या तसा, आणि हा त्यात मामाच्या पायाशी मुटकुळं करून बसलेला. हिलारियोने गावभर सांगितलं, "मामानेच पोटाशी धरला." पाळकांनी जाहीर केलं, रविवारी बंधू प्रुदेन्सियो परमेश्वराचे उपकार मानतील, साक्ष देतील.

शुक्रवारी प्रुदेन्सियो माझ्याकडे आला. खाणीत जाताना दिसायचा त्यापेक्षा घाबरलेला.

"वहिनी, मी त्या कोनाड्यात कशाला गेलो होतो म्हणून सांगू?"

"लघवीला गेलो होतो म्हण."

"देवाला असं सांगू?"

"देवाला ठाऊक आहे. सांगायचंय ते ऑर्तेन्सियाला."

तो हसला नाही. "खरं सांगितलं तर सभा मला काढेल, आणि हिलारियो म्हणेल मामाच जिंकला. खोटं सांगितलं तर ज्याने वाचवलं त्याच्याच तोंडावर खोटं. मला भीती वाटते, वहिनी. आत सुद्धा इतकी वाटली नव्हती."

मलाही वाटत होती. खरं सांगताना तो माझं नाव घेणार होता.

रविवारी मी सभेत गेले, अगदी मागे, दाराजवळ. हिलारियोही आला होता. प्रुदेन्सियो उभा राहिला, टोपी दोन्ही हातांत पिळत.

"मी मामाला सिगारेट द्यायला गेलो होतो," तो म्हणाला.

ऑर्तेन्सियाने मान खाली घातली.

"भीती वाटली, म्हणून गेलो. काडी ओढली, सिगारेट पेटवून त्याच्या तोंडात दिली आणि अंधार कोसळला. मामाकडे बघितलं. तोंडात माझी सिगारेट, तिचा लाल ठिपका तेवढा दिसत होता. मग तोही विझला. मामा काही बोलला नाही. तो माझ्यासारखाच तिथे अडकला होता. देवाला हाक मारायला मला तोंड नव्हतं, त्याच्याकडे पाठ करूनच आलो होतो ना. लाजेने कितीतरी तास गप्प बसलो. मग भीती लाजेपेक्षा मोठी झाली आणि मारली हाक. पाठ करून आलेल्याचीही हाक त्याने ऐकली. एवढंच. त्याचे उपकार आहेत. मला काढायचं असेल तर काढा."

आब्दोनांनी सभेकडे पाहिलं. मीही पाहिलं. मंगळवार-शुक्रवार माझ्याकडून मामासाठी सिगारेटी नेणारे सात जण त्या बाकांवर बसले होते आणि सातही जण जमीन बघत होते. पाळक पुढे गेले, पिठाळ हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाले, "बंधू, गीताची दुसरी ओळ आज सगळे मिळून शिकू या." हिलारियो बाहेर निघून गेला, पण टोपी काढून.

माझं नाव त्याने घेतलं नाही. बाहेर पडताना मी विचारलं, "मला का सोडलंस?"

"मला सोडलं ना," तो म्हणाला.

सोमवारी तो पुन्हा दारात होता. पट्टा सोडला, बांधला. पूर्वीसारखाच भ्यालेला. आत शिरण्याआधी ओठ हलवून दोन ओळी म्हणाला, दुसरी थोडी चुकीची. मी थट्टा केली नाही. तो बाहेर येईपर्यंत नळाजवळच बसून राहिले. त्या दिवसापासून रोज बसते.

त्याने माझं नाव घेतलं नाही, म्हणून ते मीच सांगते. सिगारेट देणारी मीच होते, सिमोना, खाणीच्या तोंडाशी राहणारी.